इस्टेट एजंटचं लायसन्स: गुमास्त्यापासून परीक्षेपर्यंत



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना विषय सापडतो, पण प्रश्न सापडत नाही. 'गृहनिर्माण क्षेत्राचं नियमन' हा विषय झाला. त्यात आपण नेमकं काय शोधणार, हे विचारलं की गाडी अडते. म्हणून आज एक रोजचाच विषय घेऊ. घर दाखवणाऱ्या एजंटला सरकारचा परवाना लागतो, हे कधी आणि कसं सुरू झालं? आधी इतिहास बघू आणि मग त्यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो ते बघू.

मुख्य मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. परवाना म्हणजे दिसायला एकच कागद, पण त्या कागदाला आपण तीन वेगवेगळे प्रश्न विचारत असतो.

१. हा माणूस कोण आहे आणि उद्या काही झालं तर तो सापडेल का?
२. याला कामातलं कळतं का?
३. हा कोणाच्या बाजूनं आहे?

आयुष्यभराची बचत आणि वर वीस वर्षांचं कर्ज घालून घर घेणाऱ्या माणसासाठी हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण कायद्याच्या इतिहासात ते एकदम सुटलेले नाहीत. पहिला आधी सुटला, दुसरा बऱ्याच नंतर. तिसऱ्याचं काय झालं, ते शेवटी पाहू.

आधी शब्द नीट लावून घेऊ

संशोधनात अर्धी भांडणं शब्दांवरून होतात. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञानं १९६२ च्या 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम' या पुस्तकात तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. पहिली नोंदणी, म्हणजे यादीत नाव घालणं. दुसरी प्रमाणपत्र, म्हणजे तुमचं कौशल्य तपासलं असल्याची ग्वाही. पण ज्याच्याकडं ते नाही तोही काम करू शकतो. तिसरा परवाना, म्हणजे कागद नसेल तर काम करणंच बेकायदा. फ्रीडमन स्वतः परवान्याच्या विरोधात होते, पण त्यांची ही विभागणी विरोधकांनाही वापरता येते.

आता आपल्याकडं बघा. रेरा कायद्यात शब्द 'नोंदणी' असा आहे. पण नोंदणीशिवाय काम केलं तर दंड आहे. म्हणजे नाव नोंदणीचं आणि काम परवान्याचं. २०२३ पासून महाराष्ट्रात त्याला परीक्षेचं प्रमाणपत्रही जोडलं गेलं. तिन्ही गोष्टी एकात आल्या. लोक सरसकट 'लायसन्स' म्हणतात ते व्यवहारात चुकीचं नाही, पण प्रबंधात तुम्हाला प्रत्येक वेळी कोणता थर म्हणायचा आहे ते सांगावं लागेल.

१८७२: कायदा होता, पण नुकसान झाल्यावर

'दलाल' हा शब्द मूळ अरबी. वाट दाखवणारा, दाखवून देणारा असा त्याचा अर्थ. आपल्याकडं पुढं त्याला शिवीची कळा आली आणि म्हणून पाट्यांवर 'इस्टेट एजंट', 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' असे शब्द आले. धंदा मात्र तोच: विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकत्र आणायचं आणि व्यवहार झाला की ब्रोकरेज घ्यायचं.

या नात्याला कायदाच नव्हता असं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजन्सीवर एक आख्खं प्रकरण आहे, कलम १८२ पासून. कलम २१२ म्हणतं की त्या धंद्यातल्या माणसांकडं सर्वसाधारणपणे असतं तेवढं कौशल्य एजंटनं वापरलं पाहिजे. कलम २१३ प्रमाणं त्यानं हिशेब दिला पाहिजे. कलम २१५ आणि २१६ सांगतात की मालकाला अंधारात ठेवून एजंटनं त्याच कामात स्वतःचा व्यवहार केला, तर मालकाला काही अटींवर तो व्यवहार नाकारता येतो किंवा त्यातला फायदा मागता येतो.

म्हणजे दुसरा आणि तिसरा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच कायद्यात होता. मग अडलं कुठं? हे सगळं नुकसान झाल्यावर कोर्टात जाऊन सिद्ध करायचं होतं. टोकन देऊन फसलेला माणूस वकील लावणार, साक्षीपुरावे गोळा करणार, आणि एजंट तोवर दुसऱ्या उपनगरात दुसऱ्या नावानं बसणार. परवान्याची कल्पना इथं वेगळी ठरते. करार कायदा घटनेनंतर काम करतो, परवाना घटनेच्या आधी दारात उभा राहतो. आणि चूक झाली तर धंदाच बंद करता येतो, ही धमकी त्याच्या हातात असते.

आपल्याकडं बरीच वर्षं एजंटकडं असायचं ते गुमास्ता लायसन्स, म्हणजे १९४८ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्याखालची नोंदणी. गाळ्यात फ्रेम करून लावलेला तो कागद बघून गिऱ्हाईकाला धीर यायचा. पण तोच कागद शेजारच्या किराणा दुकानातही लावलेला असायचा. इथं एक आस्थापना आहे, एवढंच तो सांगायचा. फ्लॅटचे कागद वाचता येतात का, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. १९६३ च्या मोफा कायद्यानं फ्लॅट घेणाऱ्याला संरक्षण दिलं, पण त्याचा सगळा रोख बिल्डरवर, कायद्याच्या भाषेत प्रवर्तकावर होता. मधला माणूस तसाच सुटला.

कॅलिफोर्निया, १९१७ आणि १९१९

हीच गोष्ट अमेरिकेत कितीतरी आधी घडली, म्हणून थोडं तिकडं जाऊ. १८८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात रेल्वे कंपन्यांच्या भाडेयुद्धामुळं लोकांचे लोंढे आले आणि जमिनीचे भाव उसळले. माळरानावर खुंट्या ठोकून प्लॉट विकले गेले. कार्यालय नसलेले, रस्त्याच्या कडेला उभे राहून सौदे करणारे दलाल खूप होते. प्रस्थापित दलाल त्यांना तुच्छतेनं 'कर्बस्टोनर' म्हणत. आपल्या भाषेत फुटपाथवरचे.

१९०८ मध्ये शिकागोत दलालांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९१३ मध्ये तिनं आचारसंहिता केली. १९१६ मध्ये 'रिअल्टर' हा शब्द पुढं आला. तो मिनियापोलिसच्या चार्ल्स चॅडबर्न यांनी सुचवलेला. 'आम्ही सदस्य वेगळे, बाकीचे दलाल वेगळे' हे दाखवण्यासाठी हा शब्द होता. याच काळात संघटित दलाल राज्याराज्यांत परवाना कायद्याची मागणी करत होते.

१९१७ मध्ये कॅलिफोर्नियानं अमेरिकेतला पहिला असा कायदा केला. तो न्यायालयात घटनाबाह्य ठरला. १९१९ मध्ये नवा कायदा आला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात टिकला आणि इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. १९२२ मध्ये ब्रॅटन विरुद्ध चँडलर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टेनेसी राज्याचा असाच कायदा वैध ठरवला. यानंतर दलालीला परवाना लावता येतो का, हा वाद तिथं मिटला.

इथं इतिहासाच्या अभ्यासकानं थांबून विचारायला हवं: ज्यांच्यावर बंधन येणार, तेच बंधन का मागत होते?

याची दोन उत्तरं दिली जातात. पहिलं असं की गिऱ्हाईकाला चांगला आणि वाईट दलाल ओळखता येत नव्हता, त्यामुळं चांगल्यांचंही नाव खराब होत होतं. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हेच मांडलं. घेणाऱ्याला माल पारखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच कमी भाव देतो आणि मग चांगला माल बाजारातून बाहेर पडतो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. या दृष्टीनं परवाना गिऱ्हाईकाच्या फायद्याचा. दुसरं उत्तर असं की आत आलेल्यांनी आपल्यामागं दार लावून घेतलं, म्हणजे स्पर्धा कमी आणि कमाई जास्त.

मार्क लॉ आणि सुक्कू किम यांनी २००५ मध्ये 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक हिस्टरी'त त्या काळातल्या वेगवेगळ्या व्यवसायांचे परवाने तपासले. ज्ञान जसजसं विशेष होत गेलं आणि गिऱ्हाईकाला दर्जा ओळखणं अवघड झालं, तसतसे परवाने आले, या बाजूनं त्यांचा पुरावा झुकतो. पण एका धंद्यात जे झालं तेच दुसऱ्यात झालं असेल असं नाही, आणि दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. परवाना मागणाऱ्याचा हेतू आणि परवान्याचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रबंधात त्या वेगळ्याच ठेवा.

आणखी एक गोष्ट या इतिहासातून विसरता कामा नये. १९२४ मध्ये त्याच संघटनेच्या आचारसंहितेत एक कलम आलं. ज्या वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या लोकांमुळं वस्तीतल्या मालमत्तांचे भाव पडतील, त्यांना त्या वस्तीत आणायला सदस्यानं हातभार लावू नये, असा त्याचा आशय होता. वंशाचा उल्लेख १९५० मध्ये काढला गेला. मधल्या काळात, १९४७ मध्ये, कृष्णवर्णीय दलालांनी आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली आणि स्वतःला 'रिअल्टिस्ट' म्हणवलं. परवाना होता, आचारसंहिता होती, कामाची माहितीही होती. तरी एका मोठ्या समाजाला चांगल्या वस्तीत घर दाखवलं जात नव्हतं, आणि ते नियम पाळून होत होतं. पहिले दोन प्रश्न सुटले म्हणजे तिसरा आपोआप सुटत नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

भारत: २००८, २०१६, २०१७

परत आपल्याकडं येऊ. हरियाणानं २००८ मध्ये प्रॉपर्टी डीलर आणि कन्सल्टंट यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. देशपातळीवर मात्र २०१६ पर्यंत थांबावं लागलं. मार्च २०१६ मध्ये संसदेनं रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम मंजूर केला. काही कलमं १ मे २०१६ ला लागू झाली, उरलेली १ मे २०१७ ला. महाराष्ट्रात महारेराचं काम त्याच दिवशी सुरू झालं.

एजंटसाठी तीन कलमं वाचायची: ९, १० आणि ६२. कलम ९ प्रमाणं नोंदणीशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीत मध्यस्थी करता येत नाही, आणि मिळालेला क्रमांक प्रत्येक व्यवहारात द्यावा लागतो. महाराष्ट्रात एजंटचा क्रमांक 'ए' अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' अक्षरानं. कलम १० मध्ये कर्तव्यं आहेत: नोंदणी नसलेला प्रकल्प विकायचा नाही, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती द्यायची नाही, बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला त्याच्या हक्काचे कागद मिळतील हे बघायचं. कलम ६२ मध्ये दंड आहे, दिवसाला १०,००० रुपये, आणि तो त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

या कायद्यानं पहिला प्रश्न बऱ्यापैकी सोडवला. मधल्या माणसाला नाव, पत्ता आणि क्रमांक मिळाला, आणि तक्रार कुठं करायची ते ठरलं. पण कलम ९ मध्ये परीक्षेची अट नव्हती. कार्पेट एरिया आणि सुपर बिल्टअप यातला फरक न कळणाराही नोंदणी करून घेऊ शकत होता.

कायद्याची एक हद्दही इथं लक्षात ठेवा, कारण पुढं ती कामाला येणार आहे. रेरातल्या एजंटची व्याख्या प्रकल्पातल्या प्लॉट, फ्लॅट किंवा इमारतीच्या व्यवहाराशी बांधलेली आहे. जुन्या सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट किंवा भाड्याचं घर तिच्या बाहेर राहतं. पुण्यामुंबईत शिकायला आलेल्या आपल्यासारख्यांचा एजंटशी संबंध येतो तो बहुतेकदा लिव्ह अँड लायसन्स करताना, एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज म्हणून देताना. तिथं हा कायदा आपल्यासोबत नसतो.

२०२३: पेपर आला

१० जानेवारी २०२३ च्या आदेशानं महारेरानं एजंटना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. २० तासांचा अभ्यासक्रम आणि नंतर आयबीपीएसनं घेतलेली परीक्षा. हो, बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांना पाठ असलेली तीच आयबीपीएस. पहिली परीक्षा २० मे २०२३ ला झाली. ४२३ जण बसले, ४०५ उत्तीर्ण झाले. जुन्या एजंटना मुदत वाढवून मिळाली आणि १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय काम करता येणार नाही असं ठरलं. २०२४ मध्ये प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी स्थगित झाली.

आता या दोन आकड्यांशी जरा खेळू. ४२३ पैकी ४०५ म्हणजे जवळपास ९६ टक्के. यावरून परीक्षा सोपी होती असं म्हणता येईल का? की प्रशिक्षण उत्तम होतं? दोन्ही म्हणता येत नाही. पहिल्याच परीक्षेला आपणहून बसणारे बहुधा सगळ्यांत तयार लोक असतात. हा निवडीचा परिणाम आहे. आकडा खरा आहे, पण तो सगळ्या एजंटांबद्दल काही सांगत नाही.

आणि २०,००० चं काय? यातले किती जण धंदा आधीच सोडून बसले होते? किती जणांना अभ्यास आणि पेपर जमण्यासारखा नव्हता? किती जण आता बिननोंदणीचं काम करतायत, किंवा रिसेल आणि भाड्याकडं वळलेत? पहिलं उत्तर खरं असेल तर फक्त यादी साफ झाली. दुसरं खरं असेल तर चाळीशी-पन्नाशीतल्या, अनुभवानं शिकलेल्या माणसांची रोजी गेली. तिसरं खरं असेल तर गिऱ्हाईकाचा धोका कमी झाला नाही, फक्त जागा बदलली. एकच आकडा, तीन वेगळ्या गोष्टी. कुणीतरी जाऊन मोजायला हवं.

तिसरा प्रश्न

समजा एजंटची ओळख पटली आणि तो परीक्षाही पास झाला. तो आपल्या बाजूनं आहे का?

स्टीव्हन लेविट आणि चॅड सायव्हर्सन यांनी २००८ मध्ये शिकागो परिसरातल्या सुमारे १,००,००० घरविक्रींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एक साधी तुलना केली: एजंट गिऱ्हाईकाचं घर विकतो तेव्हा काय होतं, आणि स्वतःचं विकतो तेव्हा काय होतं. एजंटची स्वतःची घरं सुमारे ३.७ टक्के जास्त भावाला गेली आणि बाजारात सुमारे साडेनऊ दिवस जास्त राहिली. हे सगळे परवानाधारक एजंट होते. स्वतःच्या घरासाठी थांबायचं, गिऱ्हाईकाला मात्र 'घेऊन टाका' म्हणायचं.

गणित सोपं आहे. एक कोटीच्या फ्लॅटवर २ टक्के ब्रोकरेज म्हणजे २ लाख. आणखी पंधरा दिवस थांबून ३ लाख जास्त मिळणार असतील, तर मालकाचा फायदा जवळपास ३ लाखांचा, एजंटचा ६,००० रुपयांचा. ६,००० साठी तो पंधरा दिवस का थांबेल? यात फसवणूक कुठंही नाही. कागद सगळे बरोबर आहेत.

आपल्याकडं तर गुंता जास्त आहे. एकच एजंट दोन्ही पार्ट्यांकडून ब्रोकरेज घेतो. नव्या प्रकल्पात 'तुम्हाला ब्रोकरेज लागणार नाही' असं सांगितलं जातं, कारण ते बिल्डर देतो आणि एजंट हा त्याचा चॅनल पार्टनर असतो. मग साइट व्हिजिटला गाडीतून नेणारा माणूस नक्की कोणाचा एजंट? करार कायद्याच्या भाषेत त्याचा मालक कोण? आत्ता एवढं नक्की म्हणता येतं की परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर बरोबर लिहिता येईल, पण परीक्षा ते उत्तर बदलू शकत नाही. ते पैसे कुठून येतात त्यावर ठरतं.

मग संशोधन कसं करायचं?

मी मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी. प्रयोगशाळेत आम्हाला पहिली सवय लागते ती तुलनेचा गट शोधायची. 'परीक्षा आल्यावर तक्रारी कमी झाल्या' एवढं पुरत नाही. त्याच काळात व्याजदर बदलले असतील, भाव बदलले असतील, तक्रार करण्याची पद्धत बदलली असेल.

इथं कायद्याची ती हद्द उपयोगी पडते. नव्या प्रकल्पांना नियम लागू, रिसेलला नाही. शहर तेच, वर्षं तीच. म्हणजे तुलनेचा गट कायद्यानंच आखून दिलाय. २०२३ च्या आधी आणि नंतर दोन्हीकडं काय बदललं, आणि त्या बदलांतला फरक किती, हे बघता येईल. धोका एकच: तोच एजंट दोन्हीकडं काम करतो, त्यामुळं प्रशिक्षणाचा परिणाम पलीकडंही झिरपतो. हे प्रस्तावातच लिहून टाका. मार्गदर्शकानं विचारायच्या आधी आपण सांगितलेलं बरं.

मोजायचं काय, तेही तीन प्रश्नांप्रमाणं वेगळं ठेवा. पहिल्यासाठी: तक्रार आल्यावर एजंट सापडला का. दुसऱ्यासाठी: बुकिंगच्या वेळी सगळे कागद गिऱ्हाईकाच्या हातात होते का. तिसऱ्यासाठी: ब्रोकरेज कोणी दिलं, आणि हे घेणाऱ्याला आधी सांगितलं होतं का. तिन्हींना मिळून 'परवान्याची परिणामकारकता' असा एकच आकडा काढलात, तर उत्तर येईल, पण ते कशाचं उत्तर आहे ते तुम्हालाही कळणार नाही.

सुरुवात म्हणून या आठवड्यात एवढं करून बघा. रेराचं कलम ९ आणि १० शेजारी ठेवा, करार कायद्याची २११ ते २१६ ही कलमं शेजारी ठेवा, आणि प्रत्येक वाक्यापुढं लिहा: पहिला प्रश्न, दुसरा की तिसरा. तिसऱ्याच्या रकान्यात १८७२ चा कायदा किती भरतो आणि २०१६ चा किती, ते स्वतः मोजा. तो फरक का पडला, हा एक चांगला संशोधन प्रश्न आहे.